निळ्या कडेची पानं

होडी पाण्यात उतरायच्या आधीच फुटली.

वेइकोने तिच्या तळावर फक्त पाय ठेवला होता. प्लायवूडची फळी मधोमध फुगली, करकरली आणि पोळीचा पापुद्रा सुटावा तसा तिचा वरचा थर सुटून आला. वेइकोचा बूट खालच्या थरातून आरपार गेला.

“मी काही केलेलं नाही,” वेइको म्हणाला. दहा वर्षांच्या वेइकोचं कुठल्याही प्रसंगातलं पहिलं वाक्य हेच असे.

“तू उभा राहिलास,” लोर्ना म्हणाली.

“मग होडीत काय झोपायचं?”

“झोप की. तेवढंच या गावात कुणीतरी झोपलेलं दिसेल.”

लोर्ना प्रुइट शेजारच्या घरातली, तेरा वर्षांची आणि जिभेने तिखट. एरवी तिच्या अशा बोलण्यावर वेइकोची थोरली बहीण इरिया पोट धरून हसली असती. पण आज ती हातोडी टाकून गवतात बसली ती बसलीच. सकाळी कोंबड्यांना दाणे, मग बटाटे खणणं, मग कपडे, मग आईचा डबा कारखान्यात पोचवणं आणि त्यानंतर ही होडी. सुट्टी म्हणतात ती हीच असेल तर शाळा काय वाईट होती, असं तिला वाटायला लागलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगारांच्या सुट्टीला, आल्डर बेमधली मुलं कारखान्याच्या तळ्यावर होड्यांची शर्यत लावत. नियम एकच. होडी कारखान्याने नाकारलेल्या प्लायवूडची हवी. तसा गावातला निम्मा संसार नाकारलेल्या फळ्यांचाच होता. कोंबड्यांची खुराडी, कुत्र्यांची घरं, चर्चमधलं व्यासपीठसुद्धा. पूर्वी त्यातली एखादी बरी फळी मिळवायला ताटकळावं लागे. यंदा मात्र कारखान्यामागे त्या ढिगाची टेकडी झाली होती.

“आत्तापर्यंत जी फळी घेतली ती आतून फुटलेली,” इरिया म्हणाली. “यंदाच एवढ्या का फुटताहेत?”

“फुटतात म्हणून तर फुकट मिळतात. चल, दुसरी आणू.”

“मी नाही उठणार,” वेइको म्हणाला. “माझा बूट अजून आत आहे.”

त्या संध्याकाळी आई घरी आली ती भिंतीला हात लावत लावत. आउने सालमेला कारखान्यात वाळवणीच्या भट्टीवर होती. मोठी मागणी आलेली, म्हणून उन्हाळाभर पाळ्या लांबवलेल्या, आणि गावातली सगळी मोठी माणसं अर्धवट झोपेत चालत होती. आईने कॉफी ओतली, वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा उचलला आणि तोंडापाशी नेता नेता तिचा डोळा लागला. वेइकोने हळूच तिच्या हातातला पाव काढून घेतला.

“खाऊ नकोस तो,” इरिया कुजबुजली.

“ताटलीत ठेवतोय. घरात मीच चोर का?”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. कारखान्याचे व्यवस्थापक हेग्स्ट्रम टोपी हातात घेऊन उभे होते. आई दचकून जागी झाली आणि तिने मुलांना बाहेर पाठवलं. मुलं बाहेर गेली, म्हणजे खिडकीखाली गेली.

“आउने, प्रेसमध्ये रोज फळ्या फुटताहेत,” हेग्स्ट्रम म्हणाले. “लाकडाचं पातळ पान ओलं राहिलं, की थर चिकटवताना प्रेसच्या आचेने आतल्या पाण्याची वाफ होते. थरांमध्ये कोंडते आणि फळी फोडते. हे तुला मी सांगायला नको. आणि पानं वाळवतं कोण?”

“भट्टीचा वेग मी बदललेला नाही, कार्ल.”

“तू दमलीस. सगळेच दमलेत. पण शनिवारच्या सभेत तुझ्या जागी दुसरं कुणी बसवायचा ठराव येतोय. म्हटलं, आधी माझ्याकडून कळावं.”

खिडकीखाली इरियाने भराभर हिशेब मांडला. आल्डर बेचा कारखाना कुणा एका शेठचा नव्हता, तो तिथे राबणाऱ्यांचाच होता. प्रत्येकाचा एक हिस्सा, सगळ्यांना सारखं वेतन, सगळे एकमेकांना नावाने हाक मारणारे. पण ज्याचे हात कामाला त्याचाच हिस्सा, हाही तिथला नियम. बाबा वारल्यावर त्यांचा हिस्सा आईने भट्टीवर उभं राहून टिकवला होता. बाकी सगळी कामं ओझी उचलायची, आणि आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. भट्टी गेली तर हिस्सा जाणार, मग हे घर जाणार, आणि पोर्टलंडला मावशीच्या माळ्यावर राहायला जावं लागणार.

“तिथे तळं आहे?” वेइकोने विचारलं.

“नाही.”

“कोंबड्या?”

“गप्प बस ना रे.”

दुसऱ्या दिवशी इरिया पहार घेऊन त्या टेकडीवर चढली. लोर्ना आणि वेइको मागोमाग. होडीसाठी फळी निवडायची सोडून ती फुटक्या फळ्यांचे थर एकेक करून उचकटू लागली.

“हिला ऊन लागलं,” लोर्ना म्हणाली.

“इकडे बघ. फुगा जिथे आलाय तिथला आतला थर कुठल्या रंगाचा?”

“पांढरा.”

“आणि बाकीचे?”

“तांबडे. बरं मग?”

पुढच्या फळीत तेच. त्याच्या पुढच्या फळीतही तेच. डग्लस फरच्या ओंडक्यात सालीलगतचं लाकूड पांढरं आणि पाण्याने भरलेलं असतं, आतला गाभा तांबूस आणि कोरडा, हे आल्डर बेमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लेथवर ओंडका गरगर फिरतो, लांब पातं त्याला सोलत जातं आणि लाकडाचं अखंड पातळ पान सुटत राहतं. आधी पांढरं, मग तांबडं. कात्री त्याचे तुकडे करते आणि ते सरकत्या साखळीवरून पुढे येतात. साखळीवरची माणसं पांढरी पानं एका ढकलगाडीत रचतात, तांबडी दुसऱ्या. तांबडी गाडी भट्टीतून भरभर काढायची, पांढरी सावकाश.

“आईने घाई केली असती,” इरिया म्हणाली, “तर पांढऱ्या गाडीतली सगळीच पानं ओली राहिली असती. इथे तर तांबड्यांत एखादंच पांढरं घुसलेलं आहे. म्हणजे ते तांबड्या गाडीतूनच भट्टीत गेलं. चूक भट्टीच्या आधी झाली आहे.”

“भट्टीच्या आधी साखळी असते,” वेइको म्हणाला.

लोर्नाने हातातली फळी खाली टाकली. “साखळीवर माझे बाबा मुख्य आहेत.”

इरिया पहारीला चिकटलेल्या ढलप्या काढत राहिली.

“बोल ना, इरिया. तुझ्या आईला वाचवायला माझे बाबा हवेत का तुला?” असं म्हणून ती टेकडी उतरून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने.

संध्याकाळी इरियाने आईला सगळं सांगितलं. आई बूट काढत होती. एक बूट निघाला होता, दुसरा काढायचं त्राण नव्हतं.

“मला माहीत आहे,” आई म्हणाली.

“माहीत आहे? मग सांगत का नाहीस?”

“मी भट्टीच्या दुसऱ्या तोंडाला असते. तिथून साखळी दिसत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते सभेत बोलायचं नाही, आणि दुसऱ्या भागीदाराच्या गाडीत हात घालून तपासायचं नाही. कारखाना घेतला तेव्हापासूनची रीत आहे. आणि तुझे बाबा गेले तेव्हा मला भट्टीवर घ्या म्हणून सभेत कोण उभं राहिलं होतं? वेन्डेल प्रुइट. त्याच्याकडे बोट दाखवू मी?”

इरियाने आईचा दुसरा बूट ओढून काढला. तिला आईचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की रडू येतं. ते तिने स्वयंपाकघरात जाऊन आवरलं. तिथे वेइको जमिनीवर पालथा पडून खाटकाकडच्या कागदाच्या गुंडाळीवर चित्र काढत होता. कागद पसरायचा कंटाळा आला, तर त्याने गुंडाळीच्या तोंडावरच निळा खडू फासला होता.

“ए, नासवलास ना कागद!” इरियाने गुंडाळी हिसकावली. ती तिच्या हातून निसटली आणि उलगडत टेबलाखाली गेली. लांबच लांब कागद, आणि त्याच्या कडेला एक निळी रेघ. शेवटपर्यंत.

इरिया त्या रेघेकडे बघत राहिली.

सकाळी लोर्ना स्वतःच कुंपणापाशी येऊन उभी होती. डोळ्यांखाली काळं.

“मला झोप लागली नाही. गावाचा रोग मलाही लागला,” ती म्हणाली. “माझ्या बाबांनी असलं काही केलेलं नाही. आणि ते तूच शोधून काढायचंस. नसेल केलं तर साखळीवरच्या सगळ्यांसमोर माफी मागायची.”

“मागेन. पण केलं असेल तर?”

लोर्ना फाटक उघडून आत आली. “काय करायचं ते सांग,” एवढंच म्हणाली.

इरियाने तिला कागदाची गुंडाळी दाखवली. लेथकडे जाणारे, साल काढलेले ओंडके एका उतारावर रांगेत पडलेले असतात. त्यांच्या तोंडावर पांढरं कडं आणि तांबडा गाभा स्वच्छ दिसतो. त्या पांढऱ्या कड्यावर निळा खडू फासला, की पातं ओंडका सोलेल तेव्हा प्रत्येक पांढऱ्या पानाच्या कडेला निळी रेघ येईल. तांबड्या पानाला येणार नाही. मग गाडी बाजूने नुसती पाहिली तरी पुरे. कुणाच्या गाडीत हात घालायला नको.

“हे तुला सुचलं?” लोर्नाने विचारलं.

“मला सुचलं,” वेइको म्हणाला. “मी फक्त सुचल्यावर झोपलो.”

दुपारच्या जेवणाचा भोंगा झाला, लेथ थांबला, आणि तिघं उताराच्या मागून ओंडक्यांपाशी गेली. खिशात ओल्या लाकडावर उमटणारे मेणाचे निळे खडू. तिथे राखणीला म्हातारे टिबेट्स असत. त्यांच्याशी गप्पा मारून त्यांना गुंतवायचं काम लोर्नाकडे होतं, तिने वाक्यंही पाठ केली होती. पण टिबेट्स टोपी तोंडावर घेऊन बाकावर आडवे झाले होते.

“आता मी कुणाला गुंतवू?” लोर्ना निराश होऊन म्हणाली.

“खडू धर आणि घास.”

घासून घासून खांदे भरून आले. राळ हाताला चिकटली, हात खडूला चिकटला आणि वेइको तर ओंडक्यालाच चिकटला. शेवटच्या ओंडक्यावर असताना टोपी हलली.

“काय चाललंय रे पोरांनो?”

“निळं करतोय,” वेइको म्हणाला. खोटं सुचायलाही त्याच्यात जोर उरला नव्हता.

“बरं,” टिबेट्स म्हणाले आणि टोपी पुन्हा तोंडावर ओढून घेतली.

पाळी बदलायच्या सुमाराला तिघं कॉफीचे डबे घेऊन साखळीपाशी गेली. डबे आणणाऱ्या मुलांनी जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या अलीकडे थांबायचं, अशी तिथली शिस्त. पलीकडे लेथ गरजत होता. पान सुटत होतं, कात्री खटाखट पडत होती, आणि साखळीवरून येणाऱ्या पांढऱ्या पानांना खरंच निळी कड होती. लोर्नाचे बाबा आणि त्यांचे तिघे सोबती पानं ओढत होते. पांढरं पांढऱ्या गाडीत, तांबडं तांबड्या गाडीत. एकही चूक नाही.

“पाहिलंस?” लोर्ना म्हणाली. “माफीचं वाक्य पाठ करून ठेव.”

“थांब जरा.”

वेन्डेल प्रुइटनी घड्याळाकडे पाहिलं, मग तांबड्या गाडीकडे. गाडी अजून भरायची होती. पण लेथवर नवा ओंडका नुकताच चढला होता आणि साखळीवर आता पांढरीच पानं येत होती.

पुढच्या पाळीला अर्धी गाडी द्यायची नाही, ही साखळीवरच्या माणसांची जुनी शान. थोरल्यांनी पोटाला चिमटा काढून हा कारखाना विकत घेतला, तेव्हापासून जो तो आपल्या पाळीची गाडी काठोकाठ भरूनच घरी जाई. अंगात बळ होतं तोवर माणसं त्यासाठी मुद्दाम थांबत, पुढचं तांबडं पान येण्याची वाट पाहत. आता थांबायला पाय तयार नव्हते. वेन्डेलनी मान हलवली. चौघांनी येतील ती पांढरी पानं तांबड्या गाडीवर चढवली, आणि बाजूला काढून ठेवलेली दोन तांबडी पानं सगळ्यांत वर पसरली. गाडी कशी नीटनेटकी दिसू लागली. भोंगा झाला.

इरियाने लोर्नाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. आपलं खरं ठरलं याचा आनंद होईल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

“मिस्टर हेग्स्ट्रमना बोलावू?” वेइकोने हळूच विचारलं.

“नको,” लोर्ना म्हणाली. “आधी मी.” तिने कॉफीचा डबा खाली ठेवला आणि पिवळी रेघ ओलांडली.

“लोर्ना! मागे हो!” वेन्डेल ओरडले.

“बाबा, त्या गाडीची कड बघा.”

“काय झालंय?”

“नुसती कड बघा ना.”

वेन्डेल वाकले. गाडीच्या बाजूला, अगदी वरच्या दोन पानांखाली, निळ्या रेघांचा जाड पट्टा होता. खाली सगळं कोरं.

“हे निळं कसलं?”

“आम्ही फासलंय. ओंडक्याच्या पांढऱ्या कड्यावर. फक्त पांढऱ्यावर, बाबा.”

साखळीवरचे बाकीचे तिघे हातमोजे काढता काढता थांबले. वेन्डेलनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

“रोजची थोडीशीच तर पानं,” ते म्हणाले. “मला वाटायचं, भट्टी घेईल ओढून.”

“भट्टी नाही घेत, मिस्टर प्रुइट,” रेघेच्या अलीकडून इरिया म्हणाली. “आई घेते अंगावर.”

वेन्डेल गाडीच्या दांड्यावर बसले. इतका उंच माणूस, पण बसल्यावर एकदम लहान दिसला. लोर्ना त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण तिथून हललीही नाही.

गाडी का अडली म्हणून हेग्स्ट्रम तरातरा आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “पोरांच्या खडूवर मी कारखाना चालवू?”

“चालवू नका,” इरिया म्हणाली. “ही गाडी आहे तशीच भट्टीत घाला, तांबड्याच्या वेगाने. मग हिच्यातल्या कुठल्या फळ्या फुटणार ते मी आधीच सांगते. ज्यांना निळी कड असेल त्या. बाकीच्या नाही.”

“आणि तुझं चुकलं तर?”

“तर आम्ही तसेही पोर्टलंडलाच चाललोय.”

शुक्रवारी त्या गाडीची पानं प्रेसमध्ये गेली. निळ्या कडेच्या फळ्या एकामागून एक फट्कन फुटल्या. कोऱ्या कडेची एकही फुटली नाही. हेग्स्ट्रमनी फुटक्या फळ्यांच्या कडा एकेक करून पाहिल्या. मग ते भट्टीकडे गेले आणि आईसमोर टोपी काढून म्हणाले, “आउने, मी भट्टीच्या अलीकडे पाहिलंच नाही.”

शनिवारची सभा कारखान्याच्या जेवणघरात भरली. मुलांना आत प्रवेश नव्हता, म्हणून तिघं बाहेर खोक्यांवर चढून खिडकीला नाकं लावून उभी होती. आउनेचा ठराव वाचायच्या आधीच वेन्डेल प्रुइट उठले.

“फळ्या आम्ही फोडल्या,” ते म्हणाले. “भरलेली गाडी द्यायची शान आम्ही सोडली नाही, आणि ती राखायची ताकद आमच्यात राहिली नव्हती. वर दोन चांगली पानं ठेवून झाकत होतो. आउने सगळं निमूट सोसत राहिली. माझ्यावर काय ठराव करायचा तो करा.”

मग मागच्या बाकावरून म्हातारे टिबेट्स म्हणाले, “त्याच्यावर ठराव कशाला? पाळ्यांवर करा. मी तर पोरांना समोर निळं फासताना पाहिलं आणि पुन्हा झोपलो.”

त्यावर हशा पिकला. किती तरी दिवसांनी ही माणसं एकत्र हसली असतील. हात वर झाले. पाळ्या पूर्वीसारख्या होतील, मागणी उशिरा पुरी झाली तरी चालेल. अर्धी गाडी अर्धीच द्यायची, त्यात कमीपणा नाही. आणि संशय आला तर कुणीही कुणाची गाडी उघडून पाहावी. आउने सालमेला भट्टीवरच राहील. या शेवटच्या ठरावाला सगळ्यांत आधी हात वर झाला तो वेन्डेलचा.

“आणि त्या खडूवाल्या पोरांना आत बोलवा,” हेग्स्ट्रम म्हणाले. “त्या खिडकीची काच नाकांनी फुटेल.”

तिघं आत आली तेव्हा सगळी सभा उभी राहिली होती. हेग्स्ट्रमनी इरियाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “लाकूड सोलण्यात माझं आयुष्य गेलं, पोरी, पण कडेला रेघ ओढायचं माझ्या डोक्यात आलं नाही.” लोर्नाच्या बाबांनी तिच्याकडे पाहून फक्त मान झुकवली. लोर्नाला तेवढं पुरलं.

“खरं तर ते मला सुचलं होतं,” वेइको म्हणाला, पण टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी सालमेलांच्या परसातलं सौना तापवलं. वाफेत बसून, अंग धुऊन आई बाहेरच्या बाकावर टेकली, भिंतीला डोकं लावलं आणि कॉफी यायच्या आत झोपून गेली. चांगली, तोंड उघडं टाकून. तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. लोर्ना आणि तिचे बाबा एक मोठी नवी फळी उचलून आणत होते.

“होडीसाठी,” वेन्डेल दबक्या आवाजात म्हणाले. “उठवू तिला?”

“नको,” इरिया म्हणाली.

“पण शर्यतीचा नियम?” वेइकोने विचारलं. “फळी नाकारलेलीच हवी.”

“ही नाकारलेलीच आहे. करवतीवर मी हिची कड कापू दिली नाही, म्हणून तपासणीत नाकारली.”

वेइको वाकून कडेकडे पाहू लागला. मधल्या थराला बारीकशी निळी रेघ होती. “हिच्यात पांढरं पान आहे! ही फुटणार.”

“नाही फुटणार. हे पांढऱ्या गाडीतून गेलंय. काल तुझ्या आईने स्वतः सावकाश वाळवलं,” वेन्डेल म्हणाले. “पांढऱ्याला वेळ जास्त लागतो, एवढंच.”

वेइकोचा विश्वास बसेना. त्याने फळी दोन ओंडक्यांवर आडवी ठेवली, तिच्यावर चढला आणि कुणी आवरायच्या आत दोन्ही पायांनी धाडकन उडी मारली.

फळीला काही झालं नाही. आईलाही जाग आली नाही.